विरजण

आटपाडीतल्या एका मुलीचं देणं माझ्याकडं बाकी आहे. तिचं नाव मला ठाऊक नाही, तिला मी कधी पाहिलेलंही नाही. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, परीक्षा तोंडावर आली होती आणि तिच्याकडं हुबेहूब माझ्यासारखा लॅपटॉप होता, एवढंच कळलं.

मी डाळिंबवाल्यांच्या फवारणीच्या नोंदी ठेवतो. माणदेशातला शेतकरी पूर्वी आभाळाकडं बघून वर्षाचा हिशेब करायचा, आता भगव्या डाळिंबाकडं बघून करतो. माल युरोपात पाठवायचा तर बाग ‘अनारनेट’वर नोंदवावी लागते. कुठल्या तारखेला कुठलं औषध मारलं, किती पाण्यात किती घातलं, शेवटची फवारणी तोडणीच्या किती दिवस आधी झाली, सगळं लिहून ठेवावं लागतं. औषधाचा अंश मर्यादेबाहेर निघाला की माल अडकला. तेल्या रोग दिसला की आमचा माणूस घाबरून रात्रीच पंप उचलतो आणि चार दिवसांनी तारीख विसरतो. म्हणून ते काम माझ्याकडं. तेवीस बागांच्या तीन वर्षांच्या नोंदी त्या एका लॅपटॉपात होत्या, आणि आंबे बहराचा माल महिन्याभरात तोडणीला येणार होता.

मे महिन्यातली संध्याकाळ. दिवसभर जीव उकडून निघाला होता आणि मावळतीकडं वळवाचे ढग जमत होते. लॅपटॉप आपणहून बंद होऊन चालू झाला. काळ्या पडद्यावर एक पट्टी पुढं सरकू लागली. बायोस अपडेट होतंय, बंद करू नका, अशी सूचना. मी कशाला बंद करतोय? बंद केलं ते वाऱ्यानं. पट्टी अडतीस टक्क्यांवर असताना लाइट गेली. बॅटरी चार वर्षांची जुनी. चाळीस टक्के शिल्लक दाखवायची आणि चार्जर काढला की मिनिटाभरात मान टाकायची. तिनं मान टाकली.

लाइट आल्यावर बटण दाबलं. पंखा फिरला. कॅप्स लॉकचा दिवा मिचमिचू लागला. पडदा मात्र काळाठिक्कर. कुणी सांगितलं म्हणून पेन ड्राइव्ह लावून, दोन-दोन बटणं एकदम दाबून पाहिली. काही नाही. श्वास चालू आहे पण शुद्ध नाही अशा माणसाच्या उशाला बसावं तसा रात्री अकरापर्यंत बसून राहिलो.

बिघाडाची ही जात मला अगदीच अनोळखी नव्हती. २६ एप्रिल १९९९ ला मी पुण्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये हाताखाली कामाला होतो. तैवानमधल्या एका विद्यार्थ्यानं लिहिलेला सीआयएच नावाचा व्हायरस त्या दिवशी जगभर जागा झाला. चेर्नोबिलच्या अपघाताची तारीख तीच, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल म्हणू लागले. तो हार्ड डिस्कवर घाव घालायचाच, पण काही मशीनचा बायोसही पुसून टाकायचा. आमच्या क्लासमधली दोन मशीनं सकाळी उठलीच नाहीत. पण तेव्हा मी विशीत होतो आणि मशीनं मालकाची होती.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरला फोन केला. मदरबोर्ड बदलावा लागेल, म्हणाले. खर्च लॅपटॉपच्या निम्म्या किमतीच्या घरात, वेळ पंधरा दिवस, आणि आतल्या माहितीची जबाबदारी आमची नाही. बोलणं अगदी गोड होतं.

एसटी स्टँडच्या अलीकडं मोबाइल दुरुस्तीचं एक टपरीवजा दुकान आहे. तिथं गेलो ते निव्वळ दुसरं कुठलं दार उरलं नव्हतं म्हणून. चालवणारा पोरगा तिशीतला. वडील गलाईवाले. आमच्या आटपाडी-खानापुराकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. सोनारांचं मोडीचं सोनं-चांदी वितळवायचं आणि शुद्ध करून द्यायचं, हा तो धंदा. पोरगा तमिळनाडूत शाळा शिकला. बाप थकल्यावर सगळे परत आले. भट्टी तिकडंच राहिली, बापाचा चिमटा मात्र याच्या टेबलावर होता.

त्यानं बटण दाबून मिचमिचणारा दिवा बघितला आणि विचारलं, “अपडेट चालू आसताना लाइट गेली न्हवं?”

“तुला कसं कळलं?”

“वळीव झाला की दोन दिसांनी एखादं येतंच, आण्णा.”

मागची बाजू उघडून त्यानं बॅटरीची वायर सुटी केली आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या भागांमधली एक आठ पायांची बायोसची चिप मला भिंगातून दाखवली. बटण दाबलं की प्रोसेसर पहिल्यांदा हिच्याकडं येतो आणि विचारतो, आता काय करू? पडदा कसा लावायचा, मेमरी कुठं आहे, सगळं हीच सांगते. अपडेटमध्ये आधी जुनं पुसायचं, मग नवं लिहायचं. माझं पुसून झालं होतं, लिहायचं राहिलं होतं. विचारणारा शाबूत होता, सांगणाऱ्याची वाचा गेली होती.

त्यानं चिपेच्या पायांना फ्लक्स लावला. “सोनं वितळताना आबा टाकणखार घालायचं, तसंच हे,” म्हणाला. गरम हवा सोडून बापाच्या चिमट्यानं त्यानं चिप अलगद उचलली, एका छोट्या यंत्रात बसवली आणि वाचली. एकदा नाही, तीनदा, आणि तिन्ही वाचनं ताडून पाहिली. स्क्रीनवर मधे रकानेच्या रकाने एफएफ, एफएफ. कोरी पानं.

“नोंदी गेल्या?”

“न्हाय. त्या एसएसडीत हायत. पर विंडोजनं कुलूप घातलंय. ही शुद्धीवर आली की अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागंल. हाय का?”

मला अशी काही किल्ली असते हेच ठाऊक नव्हतं. त्यानं माझ्याच मोबाइलवरून माझ्याच खात्यात ती शोधून दिली. मी ती फवारणीच्या वहीत मागच्या पानावर लिहिली आणि आकडे दोनदा मोजले.

“मग आता लिही की परत, कंपनीची फाइल घेऊन.”

“त्यात नवीन लिवायचं तेवढंच आसतंय, आण्णा. सगळी चिप भरायची तर ह्याच बोर्डाची, चालू मशीनची नक्कल पायजे.” तो जरा थांबला. “विरजण लागतंय.”

शब्द ऐकला आणि मी एकदम आमच्या जुन्या घरात गेलो. दूध तापवून कोमट केलेलं, आणि घरातलं दही संपलेलं. आई वाटी देऊन शेजारी पाठवायची. त्या चमचाभर दह्याचा कधी कुणी हिशेब ठेवला नाही. देणाऱ्याचं त्यात काही कमी होत नव्हतं आणि घेणाऱ्याचं सकाळी पातेलंभर लागत होतं. रीत एवढीच, की दिवेलागणीनंतर मागायला जायचं नाही. त्या वेळी दूध-दही घराबाहेर देत नसत.

त्यानं सात-आठ फोन लावले. कुणाचं मॉडेल तेच पण बोर्ड वेगळा, कुणी म्हणालं चालू मशीन कशाला उघडायचं. दुकानात दिवा लागला तेव्हा कुठं पत्ता लागला. त्याच्या बहिणीच्या मैत्रिणीची मैत्रीण.

“आणतो. तुम्ही बसा.” एवढं बोलून त्यानं मोटारसायकलला किक मारली. गल्ल्याला कुलूप नव्हतं. टेबलावर लोकांचे दहा-बारा मोबाइल पडले होते. आमची ओळख त्या दुपारची.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींच्या काळात तिथं कैद्यांची बिनभिंतींची वसाहत उभी राहिली. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ला तिची पार्श्वभूमी आहे. पाहुणा आला की आम्ही ही गोष्ट हटकून सांगतो. सांगताना ती दुसऱ्या कुणाची तरी असते. त्या उघड्या गल्ल्यासमोर एकटा बसलो तेव्हा पहिल्यांदा ती माझ्या अंगावर आली. एक गिऱ्हाईक आलं, त्याला थांबायला सांगितलं. पंधरा रुपयांची चार्जिंगची पिन कुणी मागितली, तर ती विकून पैसे गल्ल्यात टाकले आणि उगाच दोनदा मोजून पाहिले.

साडेआठला तो परतला. पिशवीत लॅपटॉप, झाकणावर परीक्षेचं वेळापत्रक चिकटवलेलं. पहिला पेपर तीन दिवसांवर.

“तासाभरात पोच करायचाय,” म्हणाला.

तिच्या चिपेला त्यानं गरम हवा लावली नाही. बॅटरी सोडवली, आधी चिप किती व्होल्टची आहे ते वाचलं आणि जागेवरच आठ पायांना क्लिप लावून नक्कल घेतली. इथंही तीनदा. माझ्या कपाळावर घाम. यंत्र माझं मेलं होतं तेव्हा इतका घाम आला नव्हता. तिच्या लॅपटॉपची मागची बाजू बसवून त्यानं आधी तो पुन्हा चालू होतो का ते पाहिलं. पडदा उजळला. मी श्वास सोडला. मग तो देऊन आला, आणि नंतरच माझ्याकडं वळला.

तिच्या नकलेत तिच्या मशीनचा क्रमांक होता, तिच्या खुणा होत्या. त्या काढून माझ्या अर्धवट चिपेत शाबूत राहिलेल्या माझ्या खुणा त्यानं तिथं बसवल्या. “विरजण तिचं, दूध तुमचं,” म्हणाला. सगळं मिळून सोळा मेगाबाइट. मोबाइलमधल्या चार-पाच फोटोंएवढं.

साडेदहाला बटण दाबलं. पहिल्यांदा पडदा काळाच राहिला, बराच वेळ. “पयल्यांदा उशीर लागतुया,” तो म्हणाला, पण त्याचाही हात टेबलावर थांबला होता. मग अठ्ठेचाळीस आकड्यांचे रकाने आले. मी वहीतून वाचत गेलो, तो दाबत गेला. तेवीस बागा जागच्या जागी होत्या.

त्यानं सहाशे रुपये घेतले. मी जास्त देऊ लागलो तर हात मागं घेतला. मुलीचं नाव विचारलं, तिला काहीतरी पाठवतो म्हटलं, तर हसला. “विरजणाचं कोण देणं ठेवतंय, आण्णा? आता ही नक्कल माझ्याकडं ऱ्हाईल. फुडच्याला तिच्या दारात जायला नगो.” पुढच्या वर्षात त्याच नकलेवर करगणीचा एक आणि दिघंचीचा एक लॅपटॉप शुद्धीवर आला. मुलीला ते ठाऊक असेल असं वाटत नाही. तोडणी झाल्यावर मी त्याच्याकडं डाळिंबाची पेटी ठेवून आलो, तिच्याकडं पोचवायला सांगून. पोचली म्हणाला. तिचा निरोप काही आला नाही, आणि तसा तो यायचंही कारण नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात मी नवा लॅपटॉप घेतला. हप्ते अजून चालू आहेत. परवा संध्याकाळी त्याचा फोन आला. निंबवड्याच्या एका मास्तरांचं तसंच झालं होतं, आणि बोर्ड माझ्या नव्या लॅपटॉपचाच निघाला होता.

“तासाभरासाठी आणता का, आण्णा?”

मी म्हणालो, “उघडायलाच लागंल का? वॉरंटीत आहे रे. काही झालं तर? आणि माणूस कसा आहे तो?”

पलीकडं क्षणभर कुणी बोललं नाही.

“त्या पोरीनं एवढं इचारलं न्हवतं,” तो म्हणाला.

मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि चप्पल पायात सरकवली. बाहेर दिवेलागण झाली होती.