बिघाड कुठे आहे?

यंत्र बिघडले की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो ‘कोणी बिघडवले?’ हा. घरातला मिक्सर बंद पडो की प्रयोगशाळेतला संगणक सुरू होईनासा होवो, प्रश्न तोच. त्याचे उत्तर कधी मिळते, कधी मिळत नाही. मिळाले तरी मिक्सर काही फिरू लागत नाही. ‘बिघाड कुठे आहे?’ हा खरा प्रश्न. तो विचारायला मी दोन ठिकाणी शिकलो: शहापुरातल्या बाबांच्या गॅरेजमध्ये आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवताना.

हा लॅपटॉप मावसभावाने वापरून मला दिलेला. त्यावर विंडोज १० होते, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याचा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ साठी ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते. माझ्या यंत्रात ती नव्हती. “नवीनच घ्या, चाळीस हजारांत चांगला येईल,” असे दुकानदार म्हणाला. त्याच महिन्यात बहिणीची फी भरायची होती आणि माझा प्रकल्प-अहवाल वीस दिवसांवर आला होता. बाबांनी लॅपटॉप हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि एवढेच विचारले, “इंजिन चालू हाय न्हवं? मग गाडी भंगारात कशाला घालायची?”

त्यांची दुरुस्तीची रीत मी लहानपणापासून पाहत आलो आहे. स्कूटर सुरू होत नसेल तर ते लगेच इंजिन खोलत नाहीत. आधी पेट्रोल उतरते का ते पाहतात, मग प्लगला ठिणगी पडते का, मग हवेचा फिल्टर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा नियम. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुरू झाली, तर खोट कशात होती ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी गिऱ्हाइकाच्या खिशाला दोन्हींचा भुर्दंड बसतो. हाच नियम मी संगणकाला लावायचे ठरवले.

लिनक्सवर यंत्राचे भाग कधी कधी का अडतात, हे समजायला थोडा इतिहास पाहावा लागतो. हेलसिंकी विद्यापीठातला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या प्रणालीची बातमी इतरांना कळवली. त्या वेळी तो २१ वर्षांचा होता. ही प्रणाली बहुधा एटी जातीच्या हार्ड डिस्कखेरीज दुसऱ्या कशावर चालणार नाही, कारण आपल्याकडे तीच आहे, असेही त्याने मोकळेपणाने लिहिले होते. पुढे ज्याच्याकडे जे यंत्र होते त्याचा ड्रायव्हर त्याने लिहिला, आणि काही कंपन्याही लिहू लागल्या. ज्या भागाची अंतर्गत माहिती उत्पादकाने उघड केली नाही, तो भाग मागे राहिला. म्हणजे अडचण बहुधा सगळ्या यंत्रात नसते. ती एका भागात असते, आणि त्या भागाला नाव असते. ते नाव शोधणे हे निम्मे काम.

मी लिनक्स मिंट निवडले. प्रथम सगळ्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. मिंटची उतरवलेली फाइल अखंड आहे की नाही हे तिच्या संकेतस्थळावरील पडताळणी-अंकांशी ताडून पाहिले, कारण अर्धवट उतरलेल्या फाइलीमुळे उद्भवणारे बिघाड भुतासारखे छळतात. मग पेन ड्राइव्ह तयार केला. पेन ड्राइव्हवरूनच प्रणाली चालवून पाहता येते, डिस्कला हात लावावा लागत नाही. आवाज, कॅमेरा, वायफाय, टचपॅड सारे आधीच तपासता येते. गाडी विकत घेण्यापूर्वी एक फेरी मारून पाहण्यासारखेच हे.

पहिल्याच फेरीत पडदा काळा झाला. माझा वर्गमित्र शेजारी बसला होता. तो याच अंकाच्या कन्नड विभागात लिहितो. “होगली बिडो,” म्हणाला, म्हणजे जाऊ दे. पण पंखा फिरत होता, आणि कॅप्स लॉकची कळ दाबली की तिचा दिवा लागत-विझत होता. याचा अर्थ प्रणाली जिवंत होती, फक्त चित्र उमटत नव्हते. म्हणजे ग्राफिक्सचा भाग. मिंटच्या सुरुवातीच्या यादीत ‘कॉम्पॅटिबिलिटी मोड’ असा पर्याय असतो. त्यात प्रणाली ग्राफिक्सची साधी रीत वापरते. तो निवडताच पडदा उजळला. प्रणाली डिस्कवर बसवून झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर घेतला आणि ते प्रकरण संपले.

नंतर वायफाय. आसपासचे एकही जाळे दिसेना. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘हायफन के’ जोडून दिली की यंत्रातले भाग आणि प्रत्येकाला मिळालेला ड्रायव्हर यांची यादी येते. माझ्या वायफाय कार्डाचे नाव यादीत होते, पण त्याखाली ड्रायव्हरची ओळ नव्हती. ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा, असा हा पेच. तो मोबाइलने सोडवला. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केले की लिनक्सला जाळे मिळते. ड्रायव्हर आला, तरी कार्ड चालेना. नोंदी वाचल्यावर कळले की सिक्युअर बूट त्याला आत घेत नव्हते, कारण त्यावर ओळखीची सही नव्हती. यंत्र पुन्हा सुरू करताना येणाऱ्या निळ्या पडद्यावर ती सही स्वतः मान्य करावी लागते. तेवढे केले आणि वायफाय लागले.

प्रकल्पातले एक सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असल्याने विंडोजही मी शेजारी ठेवली होती, इंटरनेटशिवाय. तिचे घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसू लागले. वर्गमित्र म्हणाला, बॅटरी गेली. पण बॅटरी गेली तर घड्याळ कसेही भरकटते, नेमके साडेपाच तास मागे पडत नाही. भारतीय वेळ जागतिक वेळेपेक्षा साडेपाच तासच पुढे आहे! लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, तर विंडोज तीच स्थानिक समजून वाचते. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगणाऱ्या एका ओळीने हा वाद मिटला. आकडा नीट पाहिला तर तोच उत्तर सांगतो, हे मला इथे पटले.

अहवाल मराठीत असल्याने कळफलकही जोडायचा होता. मी इनस्क्रिप्ट घेतला. वर्गमित्राने त्याच यंत्रावर कन्नड इनस्क्रिप्ट जोडून पाहिला, आणि आम्ही दोघे थक्क झालो. इंग्रजी ‘के’च्या कळीवर माझा ‘क’ होता आणि त्याचाही. ‘प’, ‘र’, ‘त’ही आपापल्या त्याच कळींवर. भारतीय लिप्यांची वर्णमाला मुळात एक, म्हणून कळींची जागाही एक ठेवली आहे. त्या संध्याकाळी त्याने माझ्या बोटांकडे पाहून चार ओळी मराठी टंकलिहिल्या, आणि मी त्याच्या चार ओळी कन्नड.

एक बिघाड मात्र उरला. बोटाचा ठसा वाचणारा भाग लिनक्सवर चालत नाही, कारण त्याचा ड्रायव्हर कोणी लिहिलेला नाही. मी बाबांना तसे सांगितले. ते म्हणाले, “ह्या गाडीला त्यो पार्ट मिळत न्हाई. पर गाडी पळतीया की!” मी पासवर्ड टाकतो. अहवाल मुदतीच्या दोन दिवस आधी दिला, आणि बहिणीची फीही भरली गेली.

तेव्हापासून वसतिगृहातली मुले आपापली यंत्रे घेऊन येतात. “माझा लॅपटॉप चालत नाही,” असे कोणी म्हणाले की मी चार गोष्टी कागदावर लिहून आणायला सांगतो: यंत्राचे मॉडेल, आपण काय केले, काय व्हायला हवे होते, आणि पडद्यावर नेमके कोणते शब्द आले. लिहिता लिहिता निम्म्यांना उत्तर आपले आपणच सापडते आणि ती परत येत नाहीत. उरलेल्यांसाठी रविवारी दुपारी गॅरेजच्या मागच्या खोलीत आम्ही दोघे बसतो. येताना चार्जर आणि तो कागद तेवढा आणावा.