पतंगाचं सुतक

तुझी अळी निपाणीच्या काळ्या रानात सगळ्यांना ठाऊक आहे. रातोरात तंबाखूचा तरवा उजाड करणारी, दिवसा मातीत दडणारी, शिव्यांची धनी. त्या शिव्या पचवून जी वाचते ती ढेकळाखाली उतरते, तांबूस कोष होऊन पडते आणि आठवड्या-दहा दिवसांनी रात्रीच्या अंधारात उकलते. ती तू. तुला मात्र फारसं कुणी ओळखत नाही. पुढचे पंख मातकट, त्यांवर फिकट रेघांचं आडवंतिडवं जाळं. मागचे पांढरे, झिरझिरीत. बसलीस की झाकले जातात.

शास्त्राच्या वहीत तुझी नोंद 1775 ची, कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियसच्या हातची. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तू आशियातल्या रानांत आहेस. तंबाखू मागाहून पोर्तुगीजांबरोबर आली. किड्यांनी खाऊ नये म्हणून पानात निकोटिन भरून आली, आणि तुझ्या लेकरांनी तेच पान गोड मानलं!

तुला जेमतेम आठवडाभराच्या रात्री. तेवढ्यात पानाच्या पाठीला शेकडो अंड्यांचा पुंजका चिकटवायचा आणि त्यावर स्वतःच्या पोटाची लव पांघरायची. हे वाचलं तेव्हापासून तुला नुसती कीड म्हणणं मला जमत नाही. तरी तुझ्यासाठी हळहळताना अवघडायला होतं. या पानाच्या दरासाठी 1981 च्या एप्रिलमध्ये याच निपाणीत शेतकऱ्यांनी छातीवर गोळ्या झेलल्या. ते पान कुरतडणारीचं सुतक कुणी का पाळावं?

पाळणार तरी किती जणांचं? 1973 मध्ये जपानी संशोधकांनी तुझ्या गंधाचं रसायन ओळखलं. आता ते रबराच्या बोंडात भरून कामगंध सापळ्यात टांगतात. नर त्या वासामागे येतो, बोंडाभोवती घिरट्या घालतो, खालच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पडतो. तू तिथे नसतेसच. सकाळी पिशवीतले नर मोजतात आणि आकड्यावरून फवारणीचं ठरवतात. फसवणूक म्हणावी तर शेतकऱ्याला दुसरा सोयीचा मार्ग कुठला? विषाच्या फवाऱ्यापेक्षा हे बरंच म्हणायचं.

तुझी आवडही त्यांनी हेरली आहे. तरव्याच्या कडेनं एरंडाची ओळ लावतात. तंबाखू सोडून तू त्या रुंद पानांकडे वळतेस. मग कुणीतरी सकाळी ओळीतून फिरत एकेक पान उलटून पाहतं. लवेनं झाकलेला पुंजका सापडला, की पान देठापासून खुडायचं आणि रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत बुडवायचं.