सरासरीत हरवणारा वेग

वाहत्या रक्तातील तांबड्या पेशींवरून परतणाऱ्या श्राव्यातीत ध्वनीची वारंवारता, म्हणजे दर सेकंदाच्या कंपनांची संख्या, पेशींच्या वेगाप्रमाणे बदलते; हाच डॉप्लर परिणाम. 5 मेगाहर्ट्झचा ध्वनी प्रवाहाशी 60 अंशांचा कोन करीत असला आणि रक्त सेकंदाला अर्धा मीटर वाहत असले, तर हा बदल सुमारे 1600 हर्ट्झ भरतो. परंतु रक्तवाहिनीच्या मध्यभागी रक्त वेगाने आणि कडेला संथ वाहत असल्यामुळे परतलेल्या ध्वनीत अनेक वारंवारता मिसळलेल्या असतात, आणि त्यांतून वेगाचा कोणता आकडा हाती यावा हे संदेशावर चालवलेले गणित ठरवते.

जपानमध्ये कासाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये मांडलेली ऑटोकोरिलेशन पद्धत हे सारे मिश्रण उलगडण्याच्या फंदातच पडत नाही. लागोपाठच्या स्पंदांच्या प्रतिध्वनींत कला, म्हणजे आवर्तनातील लहरीचे स्थान, सरासरी किती सरकली एवढे पाहून ती मध्यम वेग काढते; एका रेषेवर 8 ते 16 स्पंद तिला पुरतात, म्हणूनच हलत्या हृदयाचे रंगीत चित्र त्याच क्षणी पडद्यावर उमटू शकले. इतक्या थोड्या सामग्रीत इतके काम करणारी युक्ती विरळाच. मात्र अरुंद झडपेतून सुटणारा झोत तिच्या सरासरीत बोथट होतो, आणि रक्ताहून कितीतरी प्रबळ असा भिंतीचा प्रतिध्वनी गाळणीतून निसटला, तर ती सरासरी शून्याकडे ओढली जाते.

फूरिये रूपांतर, ज्याला यंत्रांच्या भाषेत एफएफटी म्हणतात, प्रत्येक वारंवारतेचा वाटा वेगळा, म्हणजे स्पेक्ट्रम, दाखवते. पण 10 मिलिसेकंदांच्या तुकड्यात त्याला सुमारे 100 हर्ट्झहून बारीक भेद दिसत नाही, आणि तुकडा लांबवावा तर आकुंचनाच्या वेळी तेवढ्यातच वेग बदलून जातो. प्रतिध्वनी काळात किती सरकला हे थेट जुळवून पाहणारी क्रॉस-कोरिलेशन पद्धत ज्याने वारंवारता स्पंददराच्या निम्म्याहून अधिक बदलते असा वेगही वाचू शकते, मात्र गोंगाटात तिची जुळणी चुकीच्या शिखरावर बसण्याचा धोका राहतो.

महाधमनीची झडप गंभीररीत्या अरुंद झाली हे ठरवताना सेकंदाला 4 मीटर हा कमाल वेग निर्णायक मानतात, आणि दाबातील फरक वेगाच्या वर्गाच्या चौपट धरला जात असल्याने 4 ऐवजी 3.6 वाचले गेले, तरी 64 मिलिमीटर पाऱ्याचे 52 होतात. तेव्हा झोत शोधण्यासाठी रंगीत चित्र वापरावे, आकडा मात्र अखंड ध्वनी सोडणाऱ्या डॉप्लरच्या स्पेक्ट्रमवरूनच घ्यावा. मानेच्या किंवा पायाच्या रक्तवाहिनीत 60 अंशांच्या कोनात 5 अंशांची चूकही वेगात सुमारे 15 टक्क्यांचा फरक पाडते. म्हणून अहवालात वेगाशेजारी कोन आणि पद्धत या दोहोंची नोंद अवश्य असावी.