वेगळे ताट
गव्हाच्या पोळीवर पोसलेल्या मराठीच्या मास्तराला गहू हा शत्रू वाटणे कठीणच! पण माझ्या धाकटीला सिलिअ‍ॅकचा विकार आहे. गहू वर्ज्य केला की अशी मुले सुधारतात, हे विलेम डिके या डच डॉक्टरांनी १९५०च्या प्रबंधात मांडले. त्यात पुतण्याला अंडे नि दूध चालत नाही. मग कुरकुरीत कोंबडी करायची कशी?

उत्तर कोकणात होतेच. तुकड्यांना कोकमाचे आगळ, आले-लसूण, हळद, तिखट, मीठ लावून अर्धा तास मुरवावे. तांदळाच्या पिठात घोळवून ताज्या तेलात तळावे. पुऱ्यांचे तळण मात्र चालायचे नाही. बाजारच्या हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते.

एकाचे ताट वेगळे वाढणे ही दया झाली. सर्वांनी तेच खाणे, ही पंगत. परवा धाकटीने प्रथमच 'यात काय आहे?' असे न विचारता हात पुढे केला.