उरलेली अकरा गाणी

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या माणसास त्या प्रांताची पहिली ओळख होते ती तेथील सर्वांत गाजलेल्या वस्तूची. पुष्कळदा ती शेवटचीही असते. आमच्याकडे हावड्यास येणारे पाहुणे गाडीतून उतरताच पूल कोठे आहे, असे विचारतात. त्यात वावगे काही नाही. १९४३ साली वाहतुकीस खुला झालेला, नट-बोल्टांऐवजी रिव्हेटांनी सांधलेला आणि १९६५ साली 'रवींद्र सेतू' हे नाव मिळालेला तो पोलादी पूल कोणीही पाहावा असाच आहे. परंतु पाहुणे पूल ओलांडतात, कालीघाट आणि दक्षिणेश्वर उरकतात, आणि पुलाच्या अलीकडचे हावडा पाहावयाचे राहूनच जाते. बेलिलियस रोडवरचे लेथचे लहान लहान कारखाने, मंगला हाटातली कपड्यांची गर्दी, शिवपूरच्या वनस्पती उद्यानातला तो अवाढव्य वड, यांच्या वाट्यास कोणी येत नाही.

गाण्यांच्या बाबतीतही नेमके असेच घडते. बंगालमध्ये चार-दोन वर्षे काढलेल्या प्रत्येक मराठी माणसास 'तोमाके चाइ' हे गाणे ठाऊक असते. कचेरीचे स्नेहसंमेलन असो, कोणाचा निरोपसमारंभ असो, किंवा पूजेच्या मंडपातला कार्यक्रम असो, कोणीतरी गिटार घेऊन ते म्हणतोच आणि सारी सभा ध्रुवपदाला साथ करते. १९९२ साली एच.एम.व्ही.ने काढलेल्या ज्या ध्वनिफितीतून ते लोकांपुढे आले, तिचे नावही तेच. तिच्यात एकंदर बारा गाणी आहेत. उरलेल्या अकरांविषयी चार शब्द लिहावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

गायकाचे त्या वेळचे नाव सुमन चट्टोपाध्याय. २००० सालापासून ते कबीर सुमन या नावाने ओळखले जातात. पुढे ते राजकारणात आले आणि २००९ ते २०१४ या काळात जादवपूरचे खासदार होते. पण तो आपला विषय नव्हे. त्यांचा जन्म १९४९ साली कटकला झाला. लहानपणापासून त्यांना शास्त्रीय संगीताची तालीम मिळाली आणि तरुण वयात त्यांनी रवींद्रसंगीताच्या तबकड्याही दिल्या. मग ते जर्मनीत आणि अमेरिकेत तेथील नभोवाणीच्या बंगाली विभागांत नोकरीस राहिले. म्हणजे ऐन उमेदीची वर्षे या गृहस्थांनी आपल्याच भाषेची चाकरी करीत, पण आपल्या गावापासून हजारो मैलांवर काढली. स्वतःच रचलेल्या गाण्यांचा पहिला संच त्यांनी दिला तेव्हा त्यांचे वय त्रेचाळीस होते. दूरदेशी बदलीवर असलेल्या आमच्या वाचकांस हा तपशील सहज ओलांडून जाता येणार नाही.

त्या संचाने बंगाली गाण्यात काय उलथापालथ केली, हे समजण्यास आपल्याकडचे उदाहरण घ्यावे. आपल्या भावगीतात कवी निराळा, चाल लावणारा निराळा, गाणारा निराळा. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या गीतरामायणातही शब्द माडगूळकरांचे आणि सूर फडक्यांचा. बंगाली 'आधुनिक गान' याच वाटेने चालत होते. सुमन यांनी तिन्ही कामे एकट्याने अंगावर घेतली आणि मंचावरही ते एकटेच, गिटार आणि कीबोर्ड घेऊन बसू लागले. अमेरिकेच्या बॉब डिलनचा संस्कार त्यांच्यावर होता. त्यापूर्वी १९७७ साली 'महीनेर घोडागुलि' या मंडळींनी बंगालीत असाच नवा प्रयत्न केला होता, पण तेव्हा त्याकडे फारसे कोणी वळले नाही. सुमन यांच्याकडे मात्र सारे शहर वळले, आणि त्याचे पुष्कळसे श्रेय त्या एका गाण्याचे आहे.

त्या गाण्यात एक भाषिक गंमत आहे आणि ती मराठी माणसासच विशेष जाणवते. बंगालीत व्याकरणाचे लिंग नाही. 'तोमाके चाइ' याचे मराठी करू जावे तर 'मला तू हवीस' म्हणावे की 'हवास' म्हणावे, की 'हवेस' म्हणावे, हे आधी ठरवावे लागते. बंगालीला ती अडचणच नाही. त्यामुळे गाण्यातली ती व्यक्ती प्रेयसी आहे, मित्र आहे, शहर आहे की उद्याचा एखादा चांगला दिवस आहे, हे अखेरपर्यंत मोकळे राहते. त्यात चहाचा पेला येतो, मोर्चा येतो, आणि मागणी तीच राहते. आपल्याकडे अण्णा भाऊ साठ्यांच्या 'माझी मैना'तली मैना ही जशी केवळ मैना नव्हती, दुरावलेला मुलूखही होती, तशातला हा प्रकार. मात्र अण्णा भाऊंना मैनेचे लिंग सांगावे लागले. सुमन यांना सांगावे लागले नाही.

हे सारे खरे असले तरी हे गाणे एकटे ऐकले म्हणजे ते केवळ प्रेमगीत वाटते. त्याचे शेजारी माहीत झाले की त्याचा अर्थ पालटतो. आणि शेजाऱ्यांची गाठ पडणे आता दुर्घट झाले आहे. मोबाइलवर शोधू गेल्यास सर्वाधिक ऐकलेले गाणे वर येते आणि बाकीची तळाशी जातात. आमच्या शाखेचे बडोबाबू जुन्या वळणाचे. त्यांनी आम्हांस प्रत्यक्ष ध्वनिफीतच दिली, तिच्यासोबत आपले यंत्रही दिले, आणि अट घातली की एक बाजू पुरी ऐकावी, मग उलटून दुसरी ऐकावी, मध्ये पुढे पळवू नये. वयाने वडील असूनही ते आम्हांस 'तुमि' म्हणतात. मराठीतल्या 'तू'पेक्षा अदबीचे आणि 'तुम्ही'पेक्षा जवळचे असे ते संबोधन आहे, आणि त्या संबोधनाने घातलेली अट मोडवत नाही.

पहिल्याने आमचे लक्ष वेधले ते 'पेटकाटि चाँदियाल' या गाण्याने. ही पतंगांच्या प्रकारांची नावे आहेत. बंगालमध्ये पतंग उडतात ते संक्रांतीस नव्हेत, तर सप्टेंबरात विश्वकर्मापूजेच्या दिवशी. हावडा हे कारखान्यांचे गाव. त्या दिवशी यंत्रे बंद असतात, लेथला हार घातलेले असतात, आणि कालवर काळ्या हातांनी काम करणारी पोरे गच्चीवर चढून 'भो-काट्टा' अशी आरोळी ठोकतात. आमच्या नागपूरकडे याच क्षणी 'ओ काट' म्हणतात. गाण्यात वर आकाशभर पतंग आहेत आणि खाली रिक्षा चालवणारा एक पोरगा आहे. त्याचे डोळे वर लागलेले आणि पाय पेडलांना गुंतलेले. गाणारा त्याच्याबद्दल हळहळत नाही. तो पतंगांची नावे अशा चवीने घेतो की ती नावे त्या पोराला पाठ असली पाहिजेत, हे ऐकणाऱ्यास आपोआप कळते.

'दश फुट बाइ दश फुट' हे नाव ऐकून मुंबईच्या चाळीत वाढलेल्या कोणाही वाचकास हसू येईल, कारण 'दहा बाय दहाची खोली' हे आपले घरचे शब्द आहेत. तेवढ्या जागेत मावलेल्या संसाराचे हे गाणे आहे. 'पागल'मध्ये रस्त्यावरचा एक वेडा विधात्याशी सापशिडी खेळत बसला आहे. तर आणखी एका गाण्यात गायक बजावतो की मला विकत घेतो आहेस असे तुला वाटत असेल, तर ते खरे नव्हे. आणि हे तो विकत घेतलेल्या ध्वनिफितीतूनच बजावतो. या विनोदाची त्यास पुरती जाणीव असावी.

दोन गाणी मराठी कानाशी खेळतात. 'हाल छेडो ना' यातला 'हाल' म्हणजे नावेचे सुकाणू. मित्रा, सुकाणू सोडू नकोस, असा त्याचा आशय. मराठी कानास मात्र तेथे आपले 'हाल' ऐकू येतात, आणि हाल सोडू नकोस असा उपदेश कोणी का करावा, असे वाटून जाते. तथापि गाव सोडून नोकरी करणाऱ्यास हे दोन अर्थ फारसे दूरचे नाहीत. 'मन खाराप करा बिकेल' यातले 'मन खाराप' आपल्या 'खराब मना'सारखे नव्हे. ते निव्वळ उदास मन. दिवसाच्या तिसऱ्या प्रहरी, कचेरीतल्या फायली संपत आलेल्या असतात आणि घरी जाऊन करावयाचे काही नसते, त्या वेळेस बंगाल्याने नाव ठेवले आहे. आपल्याकडे ती वेळ आहे, पण तिला असे रोजच्या वापरातले नाव नाही.

पण ज्या गाण्याने आम्हांस यंत्र बंद करून बसावयास लावले ते 'तिनि बृद्ध होलेन'. 'तिनि' म्हणजे आदरार्थी 'ते'. जन्मभर झाडासारखी सावली देणारा एक माणूस वृद्ध झाला, एवढीच त्यातली वार्ता. आम्ही ती 'होलेन' या क्रियापदाशी अडखळलो. ते वृद्ध होत आहेत, असे गाणे म्हणत नाही. ते वृद्ध झाले, असे म्हणते. घरी राहणाऱ्या मुलास वडील वृद्ध होताना दिसतात, रोज थोडे थोडे, आणि म्हणून ते त्याच्या ध्यानात येत नाही. बदलीवर असलेल्या मुलास ते झालेले दिसतात. त्याच्या वाट्यास केवळ भूतकाळ येतो.

हावड्याहून नागपूर अकराशे किलोमीटरांवर आहे. रवींद्रनाथांच्या ग्रंथाचे नाव मिरवणारी गीतांजली एक्सप्रेस १९७७ पासून या वाटेने धावते, आणि आम्ही वर्षातून एकदा, दिवाळीच्या आगेमागे, तिने घरी जातो. आमचे वडील स्थानकावर येत असत. एके काळी संक्रांतीस आमच्या पतंगाची चक्री तेच धरत आणि मांजा केव्हा ढील द्यावा, केव्हा खेचावा, हे पाठीमागून सांगत. गेल्या वर्षी ते स्थानकावर आले नाहीत, दाराच्या चौकटीस हात टेकून उभे होते. गाडी वेळेवर होती का, असे त्यांनी विचारले. आम्ही होय म्हटले. चहा झाल्यावर त्यांनी तेच पुन्हा विचारले, आणि जेवावयास बसताना आणखी एकदा. आईने आमच्याकडे पाहिले आणि काही न बोलता वाढू लागली. तिला ते नवे नव्हते. नवे आम्हांसच होते.

या वर्षी बदलीसाठी पसंतीची ठिकाणे लिहून मागविण्यात आली. पहिल्या ओळीत आम्ही 'नागपूर' असे लिहिले. दुसरी आणि तिसरी ओळ कोरी ठेवली. बडोबाबूंनी ते पाहिले, पण काही विचारले नाही. त्यांची सेवानिवृत्ती चार महिन्यांवर आली होती. त्यांनी ध्वनिफीत दिली ती त्यानंतर, आणि ती देताना एवढेच सांगितले की तीन वर्षे पुलावरून ये-जा केलीस, आता जाण्याआधी हे ऐकून जा.

ते ऐकल्यावर मग मूळच्या गाण्याकडे पुन्हा जाता येते. बारा गाण्यांत मिळून एक वस्ती आहे. तिच्यात रिक्षावाला पोर आहे, दहा बाय दहाच्या खोलीतले कुटुंब आहे, वेडा आहे, उदास तिसरा प्रहर आहे, वृद्ध झालेले कोणी एक आहेत. 'तोमाके चाइ' ही मागणी त्या वस्तीतून उठते. ती सुटीच्या दिवशी नदीकाठी फिरणाऱ्या तरुणाची हौस उरत नाही. ज्यांच्यापाशी मागण्यास फारसे काही नाही अशा माणसांनी एकाच वस्तूवर धरलेला तो हट्ट आहे. स्नेहसंमेलनात ते गाणे पूर्वीइतक्याच गोड सुरात म्हटले जाते आणि आम्हीही साथ करतो. मात्र साथ करताना आता डोळ्यांपुढे येते ती बेलिलियस रोडवरची गल्ली, आणि तिच्या मागोमाग महालातल्या आमच्या घराची चौकट.

पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या आसपास बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिले आणि 'वंगचित्रे' लिहून त्यांनी त्या मुक्कामाचे सोने केले. त्याच्याही कितीतरी आधी सखाराम गणेश देऊस्करांनी १९०४ साली बंगालीत 'देशेर कथा' लिहून बंगाल हलवून सोडला होता. तेवढी आमची पात्रता नाही आणि तेवढा अवकाशही नाही. सरकारी माणसास कोणतेही गाव तीन-चार वर्षांसाठीच दिलेले असते. पण त्या मुदतीत एक ध्वनिफीत दोन्ही बाजूंनी ऐकणे कोणासही जमण्यासारखे आहे. जे वाचक बंगालमध्ये आहेत त्यांनी ही ऐकावी. जे चेन्नईस, गुवाहाटीस किंवा भोपाळास आहेत, त्यांनी तेथील बडोबाबूंस विचारावे. प्रत्येक गावात असे एक गाजलेले गाणे असते आणि त्याच्या मागे न विचारलेली काही असतात.

बदलीचा आदेश अद्याप आलेला नाही. वडिलांना दर रविवारी दूरध्वनी करतो. हावड्यास पाऊस आहे का, असे ते विचारतात, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारतात. आम्ही दोन्ही वेळा नीट उत्तर देतो.