हाताने बघायचं

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याहून कऱ्हाडला परतताना उंब्रजच्या अलीकडे गाडीचे दिवे पिवळे पडू लागले. वायपरची चाल मंदावली, आणि समोरच्या फलकावर बॅटरीचा लाल दिवा आधी मिणमिणता, मग ठळक झाला. घरापर्यंत पोहोचलो ते केवळ बॅटरीत शिल्लक असलेल्या पुंजीवर. सकाळी अण्णांनी माझ्याकडून इंजिन चालू असताना मीटर लावून घेतला. बारा व्होल्टच्याही खाली. चालू इंजिनावर तो चौदाच्या आसपास हवा. "अल्टरनेटर गेला," अण्णा म्हणाले, आणि लगेच पुढचे वाक्य, "आपणच बदलायचा."

'आपण' या सर्वनामाची मराठीतली लवचीकता मी वर्गात दरवर्षी शिकवतो. इथे त्याचा अर्थ 'तू' असा होता.

गाडी झेन, २००१ सालची. अण्णांनी २००६ मध्ये एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झाल्यावर ती जुनी म्हणून घेतली. पंधरा वर्षे उलटल्यावर नोंदणीचे नूतनीकरण करून ती आम्ही ठेवली आहे. तिची सगळी कामे अण्णाच करीत. अलीकडे चार वर्षांपासून त्यांना पार्किन्सन आहे. हात थरथरतात, आणि त्याहून अवघड म्हणजे आवाज खालावला आहे. शेजारच्या खुर्चीवरून बोलले तरी कान द्यावा लागतो.

अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा विद्युतजनित्राचा प्रकार. आत प्रत्यावर्ती वीज तयार होते, डायोड तिला एकाच दिशेने वाहायला लावतात, आणि नियामक तिचा दाब मर्यादेत ठेवतो. हे मला विज्ञानाच्या पुस्तकामुळे ठाऊक होते. तो या गाडीत इंजिनाच्या मागे, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, पोलादी भिंतीच्या सांदीत बसवलेला असतो हे मात्र ठाऊक नव्हते. बॉनेट उघडून वरून पाहिले तर त्याची पाठही नीट दिसत नाही. ड्रायव्हरच्या बाजूचे पुढचे चाक काढायचे, मडगार्डच्या आतले प्लॅस्टिकचे झाकण सोडवायचे, आणि थोडे तिथून, थोडे गाडीखाली निजून हात घालायचा.

रविवारी सकाळी सुरुवात केली. जॅक लावला तेव्हा अण्णांनी हाताने खूण करून थांबवले. जॅकवर भरवसा ठेवायचा नाही. काढलेले चाक चौकटीखाली आडवे सरकवायचे, शेजारी लाकडाचा ठोकळा. वीट नको, वीट सांगून फुटत नाही. मग बॅटरीची ऋण तार काढली. हे मी विसरलो होतो. अल्टरनेटरच्या पाठीमागची जाड तार थेट बॅटरीशी जोडलेली असते. ती जोडणी जिवंत असताना तिथे पाना टेकला तर ठिणगी उडते आणि हात भाजतो. (पाना की पान्हा, यावर आमच्या स्टाफरूममध्ये एकदा तासभर वाद झाला होता. वाद घालणाऱ्यांपैकी कोणाच्याही हाताला तो ठाऊक नव्हता.)

मी गाडीखाली, अण्णा खुर्चीवर, आणि मध्ये आठवीतली माझी मुलगी. अण्णांचे शब्द मला ऐकू येत नव्हते, म्हणून ती वाकून त्यांचे ऐके आणि मग चाकाच्या पोकळीतून आत ओरडे.

"आजोबा म्हणतात, त्याचा कान धरा."

"कसला कान?"

"कान! खालचा! त्यातून लांब बोल्ट गेलाय म्हणतात."

मी चाचपडत गेलो. अल्टरनेटरच्या अंगाला खरोखरच कानासारखी भोक असलेली एक पाळी होती. मग 'मान', 'पोट', 'जीभ'. जीभ म्हणजे ती खाच पाडलेली पट्टी, जिच्यात बोल्ट सरकवून पट्ट्याचा ताण ठरवतात. सगळे यंत्र अण्णांनी माणसाच्या देहावर बेतून ठेवले होते. मी विजेरी तोंडात धरून मान वळवीत होतो, तर वरून निरोप आला, "आजोबा म्हणतात, डोळ्यानं न्हाई, हातानं बघायचं."

'न्हाई' हा उच्चार मुलीने जसाच्या तसा पोहोचवला. तो ऐकून मी काही क्षण गाडीखाली नुसता पडून राहिलो. आमच्या घरात हा 'न्हाई' मी कधी ऐकला नव्हता. अण्णा घरी सांभाळून, जवळजवळ छापील मराठी बोलत. दप्तराला ग्रीस लागू नये म्हणून ते कामाचे कपडे डेपोतच बदलून येत, तसेच हे शब्दही तिथेच ठेवून येत असणार. मला पाना धरू दिला नाही तो त्याच हिशेबाने. 'तू तुझं वाच.' मी वाचले. नारायण सुर्वे यांचा 'माझे विद्यापीठ' हा १९६६ सालचा संग्रह मी गेली कित्येक वर्षे शिकवतो आहे; आत्रे यांच्या 'गावगाडा'मधल्या बलुतेदारांविषयी टिपणे काढून देतो; व्यवसायबोलींवर विद्यार्थ्यांना प्रकल्प देतो. एका विद्यार्थिनीने कुंभारांचे शब्द जमवले होते, दुसऱ्याने गुऱ्हाळाचे. अण्णांना मी कधी एक शब्द विचारला नाही. आता विचारावे तर आवाज उरला आहे तो मुलीच्या कानापुरता.

कानातला बोल्ट गंजून घट्ट बसला होता. तेल सोडून चहा होईपर्यंत थांबलो. मग चौदाची गोटी, टॉमीला जोडून लोखंडी नळी, आणि हळूहळू दाब. झटका द्यायचा नाही, आटे जातात. सुटताना जो आवाज झाला तो वर खुर्चीपर्यंत गेला, कारण मुलगी म्हणाली, "आजोबा हसले." तीन-चार किलोंचा तो ऐवज सांदीतून बाहेर काढायला अर्धा तास गेला, सरळ येत नाही, कुशीवर वळवून एका विशिष्ट कोनातच येतो. आतले कार्बन झिजून नखाएवढे उरले होते. तेवढेच बदलावे असा अण्णांचा आधी आग्रह होता, पण बेअरिंगही खरखरत होते. शेवटी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्त केलेला जुना अल्टरनेटर आणला. नवाच घ्यावा असे मला वाटत होते. अण्णांनी दुकानातून आलेली डबी उघडून हाताने पुली फिरवली, कानाशी नेली, आणि मान डोलावली.

बसवण्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. त्याच वाटेने उलटे जायचे. मात्र संध्याकाळपर्यंत मुलीला निरोप सांगताना धाप लागेनाशी झाली होती, आणि 'वायसर', 'चकती', 'ढिला हात' असे शब्द ती स्वतःचे असल्यासारखे वापरू लागली होती. मी रात्री ते वहीत उतरवले. एकवीस झाले. त्यांतल्या चारांचा अर्थ अजून अण्णांना विचारायचा आहे.

शेवटी पट्ट्याचा ताण राहिला. सैल राहिला तर घसरतो, फार ताणला तर बेअरिंग खातो. अंगठ्याने दाबून पाहायचे, साधारण सेंटिमीटरभर दबला पाहिजे. मी दाबले. माझ्या अंगठ्याला काही कळेना. मुलीने निरोप आणायच्या आत अण्णा खुर्चीवरून उठले. मी आधाराला पुढे झालो, तो हात त्यांनी बाजूला केला. चाकाच्या जागी ठेवलेल्या स्टुलावर बसून त्यांनी उजवा हात आत घातला. बसल्या जागी थरथरणारा हात काम करताना बराच स्थिर होतो, असे डॉक्टर म्हणाले होते. मी ते विसरलो होतो. अंगठा पट्ट्यावर टेकला आणि राहिला.

"अजून अर्धं नख," ते म्हणाले. हे मला मध्यस्थाशिवाय ऐकू आले. मी टॉमी पुन्हा आत घातली.