वाऱ्याची परीक्षा

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण पालघरहून रोज बोईसरला जातो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील औषधी कारखान्यांत वातानुकूलन यंत्रणेची तपासणी करणे हा त्याचा व्यवसाय. गेल्या पावसाळ्यात तो आम्हांस भेटावयास आला, तो उदबत्तीचा पुडा घेऊनच!

कारण गंभीर होते. आठवड्यापूर्वी आमच्या सभागृहात शोकसभा चालू असता एका वृद्ध मावशींना भोवळ आली होती. दोन वर्षांपूर्वी तेथे एसी बसविताना गारवा टिकावा म्हणून भिंतीच्या माथ्याचे झरोके आम्हीच फळ्या ठोकून बंद करविले होते. पैसा देणगीदारांचा, कौतुक मात्र आमचे झाले.

त्याने झरोक्यापाशी उदबत्ती धरली. धूर बाहेर ओढला गेला नाही, तेथेच घुटमळला. "फादर, हा एसी आतलीच हवा गार करून परत सोडतो. गार हवा म्हणजे ताजी हवा नव्हे." बाहेरच्या हवेत दहा लाखांत सुमारे सव्वाचारशे भाग कर्बवायू असतो, गायनवृंदाच्या तासाभराच्या सरावानंतर त्याच्या मापकाने हजाराचा आकडा केव्हाच ओलांडला होता.

मग त्याने जे सांगितले, ते ऐकून आम्ही थक्क झालो. औषधाच्या निर्जंतुक खोलीतील दाब शेजारच्या खोलीपेक्षा दहा-पंधरा पास्कल अधिक ठेवतात, म्हणजे दार उघडले तरी वारा बाहेरच वाहतो. १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रासारख्या ठिकाणी नेमके उलट: आतला दाब कमी, म्हणजे दूषित कण बाहेर पडू नयेत. एकाच परिसरात वाऱ्याला दिलेल्या या दोन विरुद्ध आज्ञा! हेपा नामक गाळणीने ०.३ मायक्रॉनच्या दहा हजार कणांपैकी तीनच निसटू द्यावेत अशी अपेक्षा. ती पारखण्यासाठी एका बाजूने तेलाचा सूक्ष्म धूर सोडून दुसऱ्या बाजूने कडेकडेने उपकरण फिरवितात.

"तुमच्या एसीच्या जाळ्या शेवटच्या कधी धुतल्या?" त्याने विचारले. आम्ही निरुत्तर. "नोंद नसेल, तर काम झालेच नाही असे आमच्याकडे धरतात." बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या नोंदवह्या आम्ही प्राणपणाने जपतो, या कामाची वही आमच्याकडे नव्हतीच.

फळ्या निघाल्या, दोन एक्झॉस्ट पंखे बसले, वहीही आली. गारवा थोडा उणावला. काही देणगीदारांनी नाराजी कळविली. मावशी मात्र अजून दाराजवळचीच खुर्ची धरतात.